बोटीने मी गेलो होतो

क्रीट बेटावरची ती घळ मी चाललेलो नाही.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कॅनडातल्या कनाटा या आमच्या उपनगरातल्या आणि आजूबाजूच्या मराठी घरांत मी ‘घळवाले काका’ म्हणून ओळखला जातो. कुणाकडे नवे पाहुणे आले की माझी ओळख ‘हे टेलिकॉममध्ये आहेत’ अशी करून देत नाहीत, ‘यांनी ती घळ केलीय’ अशी करून देतात. मग मी मान थोडी खाली घालून हसतो. माझं ते हसणं लोकांना विनय वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भूमध्य समुद्रातल्या या ग्रीक बेटावर चुनखडीच्या डोंगरात एक लांबलचक अरुंद घळ आहे. सकाळी डोंगरमाथ्यावरून आत शिरायचं, दिवसभर उतरत, दगडगोट्यांतून चालत राहायचं आणि शेवटी थेट समुद्रावर निघायचं. वाटेत एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात, की हात पसरले तर दोन्हीकडे बोटं लागतील असं वाटतं. तिथे उभं राहून हात पसरले ते माझ्या बायकोने. मी त्या वेळी समुद्रकाठी छत्रीखाली बसून रव्याचे लाडू खात होतो.

आता मुळापासून सांगतो.

दोन हजारनंतर टेलिकॉमचा फुगा फुटला तेव्हा कनाटात दोनच प्रकारचे मराठी लोक उरले होते: नोकरी गेलेले आणि नोकरी जाणार असलेले. मी आधी दुसऱ्या प्रकारात होतो, मग पहिल्यात आलो. वर्षभराने पुन्हा नोकरी लागली, पण पूर्वी जे माझ्या हाताखाली होते त्यांच्या हाताखाली. या सगळ्या काळात घर बायकोच्या पगारावर चाललं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. लोकांची रक्तं काही मंदी आली म्हणून तपासायची थांबत नाहीत.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलो की पुरुष मंडळी पूर्वी कुणाचं प्रमोशन, कुणाची गाडी यावर बोलायची. आता ते विषय संपले होते. मग सगळे मागे गेले, म्हणजे तरुणपणात. कुणी कॉलेजच्या टीममध्ये क्रिकेट खेळलेला निघाला, कुणी एकांकिकेत बक्षीस मिळवलेला. मी सह्याद्री काढला. पुण्याच्या मुलाने चार-दोन गड केलेलेच असतात, तेवढे मीही केले होते. पण कॅनडाच्या थंडीत गडांची उंची वाढते. दर विंटरला माझा एखादा कडा शे-दोनशे फुटांनी वाढायचा. बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून आत यायचं, चहा घ्यायचा आणि काळोखात उतरलेला एखादा कातळ वर्णन करायचा. मी गड उतरताना बराचसा भाग बूड टेकून उतरायचो, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. चढताना मला काही वाटत नाही. उतरताना, म्हणजे पुढे पाऊल टाकायचं आणि समोर नुसती हवा, तिथे माझे पाय माझं ऐकत नाहीत.

तर हे माहीत असूनही मी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उतरायची घळ निवडली. नकाशावर ती वरून खाली येताना दिसत होती, आणि मला वाटलं, चढ नाही म्हणजे बरं. इतकी वर्षं गड सांगणाऱ्या माणसाने एवढा विचार करायला हवा होता.

बायको कधी एकाही ट्रेकला गेली नव्हती. कॉलेजात असताना तिच्या वडिलांनी परवानगी दिली नाही, आणि नंतर मी. म्हणजे मी नाही म्हटलं नाही, पण चल असंही कधी म्हटलं नाही. मुलगी युनिव्हर्सिटीला दुसऱ्या गावी गेली होती, घर मोकळं होतं. जानेवारीपासून बायकोने बेसमेंटच्या जिन्यावर तयारी सुरू केली. पाठीवर बासमती तांदळाची पिशवी घेऊन ती वर-खाली करायची. मी वर सोफ्यावर हॉकी बघत असायचो. खालून धप धप आवाज यायचा. मी विचारायचो, तांदूळ शिजला का. ती उत्तर द्यायची नाही, दम वाचवायची. मार्च आला तेव्हा पिशवी मोठी झाली होती. माझी तयारी म्हणजे मी नवी टोपी घेतली.

घळ उन्हाळ्यातच उघडी असते. आम्ही जूनमध्ये गेलो. पहाटे टूरची बस आम्हाला डोंगरावर घेऊन गेली. सह्याद्रीचा जाणकार म्हणून खाण्याची सॅक माझ्या पाठीवर होती: दशम्या, तिळाची चटणी, लाडू, चिवडा. तिच्याकडे पाण्याची बाटली आणि कॅमेरा. सगळे गोरे लोक एकेक केळं घेऊन आले होते. त्यांच्याकडे बघून मला त्यांची दया आली.

सुरुवातीला लाकडी कठड्याचा वळणावळणाचा उतार आहे. पहिल्या वळणावर मी तिला पाऊल कसं टाकायचं ते शिकवलं. दुसऱ्या वळणावर कठड्यापलीकडे बघितलं. खाली झाडांचे शेंडे होते, आणि त्यांच्याखाली आणखी झाडांचे शेंडे. तिसऱ्या वळणावर मी कठडा धरला. चौथ्यावर दोन्ही हातांनी धरला. मागून येणारी एक शाळकरी मुलगी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून माझ्या बाजूने टणाटण उड्या मारत गेली.

बायको खालच्या वळणावर थांबून वर बघत होती. तिने विचारलं, काय झालं.

मी म्हटलं, गुडघा.

घळीच्या बाबतीत बोललेलं हे माझं पहिलं खोटं. त्या दिवशी गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. मी घाबरलो होतो. पण पंचवीस वर्षं एका बाईला कडेकपारी सांगितल्यावर चौथ्या वळणावर ‘मला भीती वाटते’ असं म्हणायला जे लागतं, ते माझ्यात नव्हतं.

ती वर आली, गुडघा दाबून बघितला, कुठे दुखतं विचारलं. मी एक जागा दाखवली. ती म्हणाली, परत जाऊ या. हे ती मनापासून म्हणाली होती, ती वरच्या दिशेने वळलीसुद्धा. तेवढ्यात मी तिच्या बुटांकडे बघितलं. नवे बूट होते, पण तळवे झिजलेले; सगळे आमच्या जिन्यावर झिजलेले. मी म्हटलं, तू जा. मी बोटीने येऊन खाली भेटतो. या सगळ्या प्रकरणात मी केलेली चांगली गोष्ट एवढी एकच आहे, म्हणून लिहून ठेवतो.

ती म्हणाली, ‘नक्की जाऊ?’ आणि मी हो म्हणेपर्यंत निघालीही होती. ती दोन वळणं खाली गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की खाण्याची सॅक माझ्याच पाठीवर आहे. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारली की ती वर येणार किंवा मी खाली जाणार, आणि मला दोन्ही नको होतं.

आम्हाला वर सोडलेली बस रिकामीच डोंगराला वळसा घालून एका बंदराच्या गावी जाणार होती, कारण घळ उतरलेले लोक बोटीने त्या गावी येतात. ड्रायव्हरने मला परत आलेलं बघून काही विचारलं नाही. त्याने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तो इतका मोठ्याने हसला की मला कळलं, रोज कुणाचा तरी गुडघा जातो. त्या बंदरावरून मी उलट दिशेची बोट पकडली आणि घळीच्या तोंडाशी असलेल्या गावात दुपारच्या आत पोचलो. गाव म्हणजे चार खानावळी आणि गोट्यांचा किनारा. छत्री भाड्याने घेतली. पाय पाण्यात घातले. एक लाडू खाल्ला. तिची काळजी वाटली म्हणून दुसरा खाल्ला. काळजी बराच वेळ टिकली.

ती आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ, नाक भाजलेलं, केसांत कसली तरी पानं. मी उठून लंगडत पुढे गेलो. ती माझ्या पायाकडे न बघता म्हणाली, ‘अजून असती तर अजून चालले असते.’

मग गुडघ्याची चौकशी केली. मग लाडू मागितले. डबा रिकामा होता. मी म्हटलं, बोटीत लहान मुलं होती, त्यांना दिले. तिने खिशातून कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा काढला. वाटेत दोन जर्मन बायका भेटल्या होत्या. त्यांनी तिला पाव-चीज दिलं होतं आणि त्या दिवसभर तिच्याबरोबर चालल्या होत्या. त्यातला अर्धा तुकडा तिने माझ्यासाठी ठेवला होता.

परतीच्या बोटीत ती बोलत होती. आमच्या घरात बोलणारा मी. पण त्या दिवशी तिने मला तोंड उघडू दिलं नाही. ओसाड पडलेलं दगडी गाव, झऱ्याचं पाणी, माणसांना न भिणाऱ्या रानबकऱ्या, कड्यातल्या दगडाचे पट्टे, कणकेच्या घड्या घालून ठेवाव्यात तसे. आणि ती अरुंद जागा. तिथे पोचल्यावर तिने त्या दोघींना पुढे जाऊ दिलं, थोडा वेळ एकटीच उभी राहिली, हात पसरले आणि मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं. ते परत आलं म्हणे. मी ऐकत होतो. मला खरंच आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो. माझं पुढचं सगळं व्याख्यान त्या बोटीत तयार होतंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कनाटात परत आल्यावर पहिला फोन एका मित्राचा. त्याने विचारलं, झाली का घळ? मी म्हटलं, झाली. यात खोटं काय आहे? घळ झालीच होती. आमच्या घरात झाली होती. पुढच्या फोनला तो प्रश्न ‘कशी झाली’ असा आला आणि मी झऱ्याचं पाणी सांगितलं. तिसऱ्याला बकऱ्या सांगितल्या. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असायची आणि माझ्या गुडघ्याला रात्री कोमट तिळाचं तेल चोळायची. एकदा मी पाय पुढे केला तर म्हणाली, दुसरा होता ना. मी म्हटलं, आता तिकडे सरकलंय. तिने तोही चोळला.

हिवाळ्यात मराठी मंडळाने कम्युनिटी हॉलमध्ये माझा स्लाइड शो ठेवला. विंटरला अशा कार्यक्रमांना गर्दी होते. बाहेर उणे पंचवीस असताना लोक कशालाही येतात. बेसमेंटमध्ये बसून मी फोटो निवडले. फोटो सगळे तिने काढलेले. चार तेवढे त्या जर्मन बायकांनी काढून नंतर पाठवलेले, त्यांत ती होती. एक त्यांनी पुढे गेल्यावर मागे वळून काढलेला, त्यात तिने हात पसरले होते. प्रेझेंटेशन आटोपशीर असावं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते चार बाजूला काढले. दुसरा एकही काढला नाही. एका बकरीचेच सहा होते.

मी बोललो छान. पावलं कशी टाकावीत, दम कसा राखावा, सह्याद्रीतला कातळ आणि चुनखडी यांत फरक काय. अरुंद जागेच्या स्लाइडला हॉल शांत झाला. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर नागपूरच्या एक काकू उठल्या. मुलाकडे आल्या होत्या, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. त्यांना वर्गातली कॉपी दुरून दिसत असणार.

‘सगळं खरं हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण मंग वहिनी कुठी होत्या? एकाही फोटोत नाही दिसल्या त्या.’

लोक हसले. त्या क्षणी मला अनेक गोष्टी बोलता आल्या असत्या. फोटो तिनेच काढलेत, एवढं म्हटलं असतं तरी निम्मं खरं झालं असतं.

मी म्हटलं, ‘ती बोटीने आली. हे तिला झेपणारं नव्हतं.’

सगळा हॉल मागे वळला. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, हातात बटाटेवड्याची प्लेट. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लॅबमध्ये एखादा नमुना उजेडात धरून बघावा तसं बघितलं. मग चमचा प्लेटमध्ये ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘हो. बोटीत वारा छान होता.’

हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या छातीतून हवा सुटली. सुटलो म्हणून आधी, आणि मग दुसऱ्या कारणाने.

घरी जाताना बर्फ पडत होता. मी गाडी हळू चालवत होतो आणि ती कधी बोलेल याची वाट बघत होतो. आमच्या रस्त्याला वळल्यावर ती म्हणाली, ‘अरुंद जागेचं चांगलं सांगितलंत. फक्त तिथे एकदम गार लागतं, ते सांगायचं राहिलं.’

बस, एवढंच. त्यावर मी काय केलं? पुढच्या वर्षी हाच स्लाइड शो दुसऱ्या एका मंडळात झाला, तेव्हा मी गार लागतं हे सांगितलं. लोकांना तो भाग फार आवडला.

तिला ‘बोटवाल्या वहिनी’ हे नाव पडलं. प्रेमानेच. मंडळाचा हायकिंग ग्रुप निघाला आणि मी त्याचा म्होरक्या झालो. नदीपलीकडे गॅटिनोच्या टेकड्यांत आम्ही फॉलमध्ये, पानं रंगतात तेव्हा, जायचो. पायवाटा अशा रुंद की बाबागाडी जाईल. एकच वाट जरा खडकाळ आणि उताराची होती. तिकडे अस्वलं असतात, असं सांगून मी सगळ्यांना दुसरीकडून न्यायचो. माझ्या गळ्यात शिट्टी असायची. बायको खाली पार्किंगजवळच्या बाकावर पोह्यांचा मोठा डबा आणि चहाचे थर्मास सांभाळत बसायची, कारण कुणीतरी थांबायला हवं आणि बोटवाल्या वहिनींनी थांबावं हे सगळ्यांना सोयीचं होतं. आम्ही उतरून आलो की लोक विचारायचे, काय वहिनी, बोट मिळाली नाही का आज. तीही हसायची. एकदा म्हणाली, संपावर आहे.

हे सगळं गमतीतच चाललं होतं, आणि गमतीत चाललेलं थांबवायला माणसाला निमित्त सापडत नाही. मला मात्र सापडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात.

मंडळातल्या काही बायकांनी ठरवलं की आपण आपल्या-आपल्या जायचं, पुरुष नकोत. कॅल्गरीला विमानाने जायचं आणि तिथून रॉकीजमधल्या एका चुनखडीच्या घळीत. दोन उभ्या भिंतींच्या मधून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत जायची वाट होती. मीटिंग आमच्याच घरी झाली. नावं घेत होती ती एक तरुण मुंबईची मुलगी, इंजिनिअर, नुकतीच इकडे आलेली. सगळ्यांची नावं झाल्यावर बायको म्हणाली, ‘माझंही घे.’

कुणीतरी हळूच म्हणालं, वहिनी, तिथे बोट नाहीये हं. हसणं झालं. ती मुलगी बिचारी सरळ. ती माझ्याकडे वळली: ‘काका, तुम्ही मोठी घळ केलीत. तुम्हीच सांगा, काकूंना झेपेल ना?’

बायको सिंकपाशी उभी होती, पाठमोरी. नळ तिने बंद केला.

मला सगळं स्पष्ट दिसत होतं. ती तिथे गेली तर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना कळणार होतं ती कशी चालते. दगडावर पाय ठेवण्याआधी दगड कसा हलेल हे तिला ठाऊक असतं. बोटीने येणारी बाई तशी चालत नाही. मग कुणीतरी विचारलं असतं, आणि ती खोटं बोलली नसती. ती माझ्यासाठी एकदाच बोलली होती.

मी म्हटलं, ‘जरा कठीणच आहे. दगड फार असतात.’

नळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने ती हात पुसत आली आणि म्हणाली, राहू दे माझं नाव, मी तुम्हाला दशम्या करून देते. तिने खरंच करून दिल्या, भरपूर. मी त्या दिवशी जेवलो नाही, पण त्याने कुणाला काय फरक पडणार.

त्या बायका जाऊन आल्या. फोटो घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा ती मुंबईची मुलगी म्हणाली, काकू, काही कठीण नव्हतं, तुम्हाला सहज जमलं असतं. बायकोने एकेक फोटो सावकाश बघितला. एका फोटोवर ती बराच वेळ थांबली, मग चहा टाकायला उठली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गॅटिनोला मी अजून जातो. शिट्टी आता दुसऱ्याला दिली आहे. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गंमत अशी की गुडघे आता खरंच दुखतात, दोन्ही, आणि ती दोन्ही चोळून देते. आमच्यात या खोट्याबद्दल आजवर एक शब्द झालेला नाही. तिला सगळं माहीत आहे, भीतीचंही असणार. मला फक्त एवढं माहीत नाही की ती माझी वाट बघतेय, की बघून बघून थांबली आहे.

हे लिहून माझं काम झालं असं मी मानत नाही. कागदावर मी नेहमीच बरा असतो. त्या हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, ती समोर बसलेली असताना मला उभं राहून सांगायचं आहे, की घळ ती चालली, माझ्याशिवाय चालली, आणि बोटीने मी गेलो. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.